बॅरिस्टर व्हायला आलेल्यांची मुलं

लंडनला गेलेला मराठी माणूस एकदा तरी किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरापाशी जाऊन येतो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. त्याच कॅम्डन भागात, तिथून फार लांब नसलेल्या कॅम्डन रोडवर, १९३३ साली दुसरं एक घर उघडलं. तिकडे आपल्यापैकी कोणी फिरकत नाही. पश्चिम आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांचं ते वसतिगृह होतं. ते उभं करणारे लाडिपो सोलांके नायजेरियातल्या अबेओकुटाचे. बाबासाहेबांना ग्रेज इनची सनद मिळाली त्याच वर्षी, म्हणजे १९२२ मध्ये, सोलांके बॅरिस्टर व्हायला इंग्लंडात पोचले.

नायजेरियन माणसाशी आपली ओळख बहुधा वर्तमानपत्राच्या गुन्हेवृत्तातून होते. नालासोपाऱ्यातली धाड, विमानतळावर पकडलेली पावडर, ऑनलाइन फसवणुकीतली टोळी. २०१३ मध्ये गोव्यातल्या पर्रा गावात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग रोखून धरला आणि पुढे काही दिवस गोव्यात या लोकांविषयी जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गंमत म्हणजे त्याच गोव्याने रांटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली या नायजेरियन फुटबॉलपटूंना डोक्यावर घेतलं होतं. एक धेंपोचा, दुसरा चर्चिल ब्रदर्सचा. दोघांनी आय-लीगमध्ये गोलांच्या राशी घातल्या. पण मैदानावरचा नायजेरियन आणि भाड्याने खोली मागायला आलेला नायजेरियन ही आपल्या लेखी दोन वेगळी माणसं असतात.

ब्रिटनमध्ये तसं करता येत नाही. तिथे विरोधी पक्षाची नेता, बुकर मिळवलेली लेखिका, हेवीवेट मुष्टियोद्धा, इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा उजव्या बाजूचा खेळाडू, राजाने मोजक्या चोवीस जणांसाठी राखलेल्या ऑर्डर ऑफ मेरिटची मानकरी परिचारिका, सगळ्यांचं मूळ नायजेरियात सापडतं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये नायजेरियात जन्मलेले सुमारे २ लाख ७० हजार लोक होते, आणि तिथेच जन्मलेली त्यांची मुलं त्यात धरलेली नाहीत. एवढी नावं कुठून आली, याचं उत्तर 'कष्टाळू लोक' असं देऊन मोकळं होता येईल. मला ते पुरेसं वाटत नाही. या नावांच्या मागे शोधत गेलं की पुन्हा पुन्हा एक तरुण भेटतो. तो लागोसहून बोटीने लिव्हरपूलला उतरलेला असतो, बहुधा कायदा शिकायला, आणि चार-पाच वर्षांत परत जायचं हे त्याचं ठरलेलं असतं.

कायदाच का, याचं कारण सरळ आहे. मुंबईत कायद्याचं शिक्षण १८५५ पासून मिळू लागलं आणि विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं. आपल्याकडे बॅरिस्टरी ही वकिलीवर चढवलेली वरची पायरी होती. ती न चढताही वकील होता येत होतं. नायजेरियात पहिलं विद्यापीठीय महाविद्यालय इबादानला निघालं ते १९४८ मध्ये, आणि तिथे कायदा शिकवत नसत. १९६० साली देश स्वतंत्र झाला तोवर नायजेरियन मुलाला वकील व्हायचं असेल तर बहुधा लंडनच्या चार इन्सपैकी, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थांपैकी, एकीत ठरावीक जेवणं जेवून, परीक्षा देऊन व्हावं लागे. शिवाय सरकारी नोकरीतल्या वरच्या जागा गोऱ्यांच्या. वकील मात्र कोणाचा नोकर नाही. त्याला गव्हर्नरविरुद्धही उभं राहता येतं. ख्रिस्तोफर सपारा विल्यम्स यांनी १८७९ मध्ये सनद मिळवली, तेव्हापासून ही वाट पडली. स्टेला थॉमस १९३३ मध्ये सनद मिळवणारी पश्चिम आफ्रिकेतली पहिली स्त्री. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती, पण स्त्रियांना सनद मिळत नसल्यामुळे त्यांना १९२३ पर्यंत थांबावं लागलं, हे या ठिकाणी आठवतं.

वकिलांच्याही आधी आलेले दोघे आहेत, त्यांना वगळून चालणार नाही. ओलाउडा इक्विआनो गुलाम म्हणून विकला गेला, १७६६ मध्ये ४० पौंड भरून त्याने स्वतःलाच विकत घेतलं आणि १७८९ मध्ये आत्मचरित्र छापलं. ते त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्यांपर्यंत गेलं. झाँग नावाच्या जहाजावरून आजारी गुलामांना विम्याच्या पैशांसाठी समुद्रात फेकल्याची बातमी १७८३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पपर्यंत पोचवणारा तोच. त्याचा बाप्तिस्मा वेस्टमिन्स्टरच्या चर्चमध्ये झाला; तिथल्या नोंदीत जन्मस्थान कॅरोलिना लिहिलेलं आहे, त्यामुळे तो खरोखर इग्बो प्रदेशात जन्मला की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. दुसरे सॅम्युएल अजायी क्राउथर. पोर्तुगीज गुलामजहाजातून ब्रिटिश नौदलाने सोडवलेला हा योरुबा मुलगा पुढे चर्च मिशनरी सोसायटीच्या इस्लिंग्टनच्या महाविद्यालयात शिकला आणि १८६४ मध्ये कँटरबरी कॅथीड्रलमध्ये बिशप झाला. मोल्सवर्थने मराठीचा कोश केला तो बाहेरून येऊन. क्राउथरनी योरुबा भाषेचा शब्दसंग्रह केला तो स्वतःच्या आईच्या भाषेचा. याच मिशनरी सोसायटीने नाशिकच्या शरणपूरला सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला होता. ती मुलं पूर्व आफ्रिकेतली होती, म्हणून तो विषय इथे वाढवत नाही.

सोलांकेंकडे परत येऊ. ७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांनी सिएरा लिओनचे डॉ. हर्बर्ट बँकोल-ब्राइट यांच्यासह 'वेस्ट आफ्रिकन स्टुडंट्स युनियन' काढली. सभासद बहुतेक कायद्याचे विद्यार्थी. त्यांना सर्वांत आधी हवी होती ती राहायला जागा, कारण लंडनच्या घरमालकिणी काळा चेहरा पाहून दार लावून घेत. कृष्णवर्णीयांचा जमैकन नेता मार्कस गार्वी याने १९२८ मध्ये आपल्या ताब्यातलं एक घर वर्षभरासाठी दिलं. मग सोलांके पश्चिम आफ्रिकेत गेले आणि १९२९ ते १९३२ अशी तीन वर्षं गावोगाव हिंडून त्यांनी वर्गणी गोळा केली. वसाहत खात्याला हे प्रकरण डाचलं. विद्यार्थ्यांच्या राजकारणावर नजर ठेवता यावी म्हणून खात्याच्या आशीर्वादाने 'अग्री हाउस' नावाचं दुसरं वसतिगृह निघालं आणि सोलांकेंच्या मंडळींनी त्यावर बहिष्कार घातला. १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मांनी हायगेटला काढलेलं इंडिया हाउस आणि त्यावरची पोलिसांची पाळत आपल्याला ठाऊक आहे; सावरकर, सेनापती बापट तिथलेच. पण इंडिया हाउस पाचेक वर्षांत संपलं. सोलांकेंची संघटना टिकली ती बॉम्बमुळे नाही, जेवणामुळे. तिथे मायदेशी चवीचं अन्न मिळे, नाच होत, आणि जेवणानंतर ठराव लिहिले जात.

ऑगस्ट १९४१ मध्ये क्लेमंट ॲटली याच मंडळींसमोर बोलले आणि ब्रिटन-अमेरिकेने नुकत्याच काढलेल्या अटलांटिक सनदेतली स्वातंत्र्याची भाषा सर्व वंशांना लागू आहे असं सांगून गेले. महिन्याभरात चर्चिलनी पार्लमेंटात खुलासा केला की ती नाझींनी व्यापलेल्या युरोपपुरती आहे. भारत आणि ब्रह्मदेशाचं नाव घेऊनच त्यांनी ते सांगितलं. म्हणजे चर्चिलचा तो खुलासा कॅम्डनच्या वसतिगृहातल्या मुलांना आणि आपल्याला एकदमच मिळाला होता. पुढे नायजेरियाच्या पश्चिम प्रांताचे पंतप्रधान झालेले ओबाफेमी अवोलोवो युद्धाच्या अखेरीस लंडनला कायदा शिकत होते. नायजेरियाच्या स्वातंत्र्यावरचं त्यांचं पुस्तक १९४७ मध्ये लंडनलाच छापून निघालं. सोलांके मात्र कायमचे असे परतलेच नाहीत. १९५८ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी, ते लंडनमध्ये वारले.

सगळेच काही वकिलीला आले नाहीत. बेन एन्वोन्वू शेल कंपनीच्या शिष्यवृत्तीवर १९४४ मध्ये चित्रकला-शिल्पकला शिकायला आले आणि १९५७ मध्ये त्यांनी घडवलेला राणी एलिझाबेथचा पुतळा लोकांसमोर आला. राणीचे ओठ जाड केले म्हणून काही ब्रिटिशांनी नाक मुरडलं. त्यांनीच रंगवलेलं 'टूटू' हे इफेच्या राजघराण्यातल्या तरुणीचं चित्र हरवलं होतं; ते लंडनमधल्या एका साध्या फ्लॅटच्या भिंतीवर सापडलं आणि २०१८ मध्ये बारा लाख पौंडांना विकलं गेलं. घरच्यांना त्याची किंमत माहीत नव्हती. वोले शोयिंका १९५४ मध्ये लीड्सला इंग्रजी साहित्य शिकायला आले, मग लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात आलेली नाटकं वाचून त्यांवर मत देण्याचं काम करू लागले आणि १९८६ मध्ये नोबेल घेऊन मोकळे झाले. त्यांच्या नात्यातला, पुढे संगीतकार म्हणून गाजलेला फेला कुटी १९५८ मध्ये डॉक्टर व्हायला पाठवला गेला. त्याने ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये नाव घातलं. दोन भाऊ मुकाट्याने डॉक्टर झाले, म्हणून बहुधा आईचा राग निवला असावा.

फुटबॉलचाही एक प्रसंग सांगायला हवा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ बहुतांशी अनवाणी खेळला आणि फ्रान्सकडून २-१ असा हरला, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने आणि हळहळीने सांगितली जाते. पुढच्याच वर्षी, १९४९ च्या उन्हाळ्याअखेर, नायजेरियाचा निवडक संघ 'अपापा' बोटीने लिव्हरपूलला उतरला आणि तोही बहुतांशी अनवाणीच खेळला. पहिल्याच सामन्यात त्यांनी मरीन या क्लबला ५-२ असं हरवलं. त्या संघातला तेस्लिमी बलोगन पुढे बूट घालून क्वीन्स पार्क रेंजर्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

युद्धानंतर विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि ते एकटे येईनात. बायको बरोबर येई किंवा मागून येई. तीही परिचारिका किंवा सेक्रेटरीचा अभ्यास करी, नाहीतर नवऱ्याची फी भरण्यासाठी कारखान्यात जाई. मुलं होत. खोली एकच, तीही 'मुलं नकोत' या अटीवर. पाळणाघरं मूठभर. अशा वेळी 'नर्सरी वर्ल्ड' नावाचं एक साप्ताहिक कामाला आलं. ते मूळचं मुलं सांभाळणाऱ्या आयांसाठी निघालेलं. १९५५ च्या सुमारापासून त्याच्या जाहिरातींच्या पानांवर पश्चिम आफ्रिकन विद्यार्थी दिसू लागले: आमचं एवढ्या महिन्यांचं बाळ आहे, प्रेमळ घर हवं, आठवड्याला पैसे देऊ. केंट, ससेक्स, एसेक्ससारख्या परगण्यांतल्या गोऱ्या गृहिणी उत्तर देत. मुलाची पिशवी भरून त्याला आगगाडीने पोचवलं जाई. काही वेळा ते मूल दोन महिन्यांचंही नसे. स्थानिक प्रशासनाला कळवणं कायद्याने बंधनकारक होतं, पण कळवतंय कोण? अशी हजारो मुलं गेली. साठ आणि सत्तरच्या दशकांत हे इतकं सर्रास होतं की त्याला 'फार्मिंग' असं नावच पडलं.

हे आईबाप निर्दय होते असं समजण्याचं कारण नाही. योरुबा आणि इग्बो घरांत मूल काकाकडे, आजीकडे, गावातल्या शिक्षकाकडे ठेवणं नेहमीचं होतं. आपल्याकडेही एक पिढी मामाच्या घरी राहून शिकली, आणि मामाने सांभाळलं म्हणजे आईने टाकलं असं कोणी म्हटलं नाही. फरक एवढाच की केंटमधली बाई मामी नव्हती. तिच्या आणि त्या मुलाच्या मध्ये भाषा, रंग, देव, जेवण, केसांना लावायचं तेल सगळंच वेगळं होतं, आणि हिशेब आठवड्याच्या पैशांचा. कुठे खरी माया मिळाली, कुठे मार मिळाला. बहुतेक मुलं आपली भाषा विसरली. मग एक दिवस परीक्षा संपलेली, न्यायला आलेली, अनोळखी काळी माणसं दारात उभी राहत. मुलांना ती नको वाटत.

ॲडेवाले अकिन्नुओये-अग्बाजे हा नट १९६७ साली लंडनमध्ये जन्मला आणि सहा आठवड्यांचा असताना एसेक्समधल्या टिलबरीच्या एका गोऱ्या कुटुंबाकडे दिला गेला. टिलबरी हे गोदीचं गाव, आणि डोकं भादरून काळ्यांना मारत फिरणाऱ्या टोळ्यांचं. हा मुलगा मार खाऊन खाऊन अखेर त्याच टोळीत सामील झाला. स्वतःच्याच रंगाचा द्वेष करणारा काळा स्किनहेड. तो त्यातून बाहेर पडला आणि पुढे काय शिकला, तर कायदा. किंग्ज कॉलेजमधून पदवी आणि पदव्युत्तर पदवी. मग हॉलिवूडमध्ये नाव कमावून त्याने स्वतःच्या बालपणावर २०१८ मध्ये 'फार्मिंग' नावाचाच चित्रपट काढला. बघायला कठीण आहे. गावगाड्यातली जात भोगलेल्या माणसाला त्यातली स्वतःविषयीची किळस समजावून सांगावी लागणार नाही.

जस्टिन आणि जॉन फशानू या भावांचा बाप नायजेरियन बॅरिस्टर, आई गयानाची परिचारिका. लग्न मोडलं, बाप परतला, मुलं बार्नार्डो संस्थेच्या अनाथगृहात गेली आणि तिथून नॉरफोकमधल्या एका खेड्यातल्या गोऱ्या दांपत्याकडे. फेब्रुवारी १९८० मध्ये नॉरिचकडून लिव्हरपूलविरुद्ध जस्टिनने लांबून वळून मारलेला गोल बीबीसीने त्या मोसमातला सर्वोत्तम ठरवला. पुढच्या वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला दहा लाख पौंडांना घेतलं; एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. तो समलिंगी आहे हे कळताच व्यवस्थापक ब्रायन क्लफने त्याला सरावाला येणंही बंद केलं. १९९० मध्ये त्याने ते जाहीरपणे सांगितलं, तेव्हा सख्ख्या भावानेही वर्तमानपत्रातून त्याच्याशी संबंध तोडला. १९९८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने लंडनमध्ये आत्महत्या केली. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना हे उघड सांगणारा त्यानंतरचा पुरुष खेळाडू थेट २०२२ मध्ये पुढे आला. जॉनने नंतर खंत व्यक्त केली.

क्रिस अकाबुसीची गोष्ट त्यामानाने हसरी आहे. तो माणूसच गडगडाटी हसण्यासाठी प्रसिद्ध. १९५८ मध्ये पॅडिंग्टनला जन्मलेला. विद्यार्थी आईबाप नायजेरियाला परतले तेव्हा हा चारेक वर्षांचा. तो आणि धाकटा भाऊ इंग्लंडातच सांभाळायला ठेवलेले. पुढे नायजेरियात बियाफ्राचं यादवी युद्ध (१९६७-७०) पेटलं आणि इग्बो आईबापांशी संपर्कच तुटला. घरामागून घरं, मग बालगृह, सोळाव्या वर्षी सैन्य. सैन्यात कोणीतरी त्याला पळताना पाहिलं. १९९१ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिलेचा शेवटचा टप्पा अकाबुसीकडे होता आणि त्याच्या पुढे होता अमेरिकेचा अँटोनियो पेटिग्रू, त्याच स्पर्धेतला ४०० मीटरचा विजेता. शेवटच्या वळणानंतर अकाबुसीने त्याला गाठलं आणि ब्रिटनने चार शतांश सेकंदांनी सुवर्ण जिंकलं. ती धाव आजही पाहावी.

आईच्या बाजूने हीच गोष्ट बुची एमेचेटाने सांगितली आहे, आणि मराठीत ती यायलाच हवी होती. १९४४ साली लागोसला जन्म, सोळाव्या वर्षी लग्न, १९६२ मध्ये नवऱ्यामागोमाग लंडन. नवरा शिकायला आलेला आणि वर्षानुवर्षं नापास होणारा. घर ही चालवणार, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरी करून. तिने चोरून लिहिलेल्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित नवऱ्याने जाळलं. बाविसाव्या वर्षी पाच मुलांसह ती घराबाहेर पडली, पहाटे उठून लिहीत राहिली, समाजशास्त्राची पदवी मिळवली. 'इन द डिच' १९७२ मध्ये, 'सेकंड-क्लास सिटिझन' १९७४ मध्ये. जळालेली कादंबरी तिने पुन्हा पहिल्यापासून लिहिली आणि ती १९७६ मध्ये 'द ब्राइड प्राइस' म्हणून आली. 'सेकंड-क्लास सिटिझन'मधली अडा सगळ्या बायका करतात तसं मूल केंटला पाठवायला तयार नसते आणि त्यापायी सगळ्यांचा रोष ओढवून घेते. बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार वाचलेल्या वाचकाला एमेचेटाची वाक्यं परकी वाटणार नाहीत. तिलाही दोन आघाड्या होत्या, आणि घरातली जास्त जवळची होती. पुरुष लेखकांचं कौतुक करण्यात रमलेल्या समीक्षकांनी तिला बराच काळ दुय्यम मानलं. मला विचाराल तर या स्थलांतराचं तिच्याइतकं खरं चित्र दुसऱ्या कोणी काढलेलं नाही.

बर्नार्डिन एव्हरिस्टो यांचे वडील मात्र ना वकील ना विद्यार्थी. १९४९ मध्ये आलेले वेल्डर. आई गोरी इंग्रज, भावंडं आठ. 'गर्ल, वुमन, अदर'ला २०१९ चं बुकर मिळालं, तेही नियम मोडून मार्गारेट ॲटवुडबरोबर विभागून. काही आठवड्यांनी बीबीसीच्या एका निवेदकाने बातमीत सांगितलं की पारितोषिक ॲटवुड आणि 'आणखी एका लेखिकेला' मिळालं. बीबीसीला माफी मागावी लागली.

परतलेल्या विद्यार्थ्यांची दुसरीही एक देणगी आहे. १९८३ पर्यंत ब्रिटनच्या भूमीवर जन्मलेलं मूल आपोआप ब्रिटिश नागरिक होई. त्यामुळे लंडनला जन्मून लागोसला वाढलेल्या अनेकांच्या कपाटात तो एक कागद जपून ठेवलेला असे. चित्र-शिल्पकार यिंका शोनिबारे १९६२ मध्ये लंडनला जन्मले, लागोसला वाढले आणि तरुणपणी परत आले. २०१० मध्ये ट्रॅफल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर नेल्सनचं जहाज आफ्रिकी छपाईच्या कापडाच्या शिडांसह बाटलीत घालून ठेवणारे ते हेच. केमी बेडेनॉक यांचा जन्म जानेवारी १९८० मध्ये विंबल्डनला. वडील डॉक्टर, आई शरीरक्रियाशास्त्राची प्राध्यापक, बालपण लागोसला. लष्करी राजवटीत नायजेरियाची घडी विस्कटली तेव्हा सोळाव्या वर्षी त्या लंडनला आल्या, मॅकडोनाल्ड्समध्ये काम करत शिकल्या, २०१७ मध्ये खासदार झाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषी सुनक यांच्या जागी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेत्या झाल्या. चार वर्षं उशिरा जन्मल्या असत्या तर तो जन्मदाखला त्यांच्या उपयोगी पडला नसता, आणि स्थलांतरितांवर निर्बंध घालण्याच्या बाजूने त्याच कडक बोलतात. नायजेरियातल्या भ्रष्टाचाराविषयी आणि पोलिसांविषयीही त्या तोंड आवरत नाहीत. त्यावर नायजेरियाचे उपराष्ट्रपती काशिम शेट्टिमा म्हणाले की मग त्यांनी नावातलं 'केमी' काढून टाकावं. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाला आनंद झाला आणि त्यांनी २०१९ मध्ये येऊन तो गोडही करून घेतला. बेडेनॉकबाईंच्या बाबतीत तसं होण्याची चिन्हं नाहीत.

आणि आता ज्यांना मी या सगळ्यांत वर ठेवतो त्या एलिझाबेथ अनिओन्वू.

आई लिव्हरपूलच्या आयरिश कॅथलिक घरातली, केंब्रिजला अभिजात भाषा शिकणारी. वडील लॉरेन्स अनिओन्वू, तिथलेच नायजेरियन विद्यार्थी. विषय अर्थातच कायदा. लग्न झालेलं नव्हतं. जुलै १९४७ मध्ये मुलगी झाली आणि आईचं शिक्षण तिथेच थांबलं. नऊ वर्षांची होईपर्यंत ही मुलगी ननांच्या बालगृहात वाढली. तिला भयंकर इसब होता. पट्टी बदलताना एक नन काहीतरी गमतीचं बोलून तिला हसवायची आणि तेवढ्यात पट्टी ओढायची. आपण नर्स व्हायचं ते तेव्हा ठरलं असं त्या सांगतात. वडील कोण हे त्यांना विशी उलटल्यावर शोधून काढावं लागलं. ते भेटले तेव्हा बॅरिस्टर होते आणि नायजेरियाचे राजदूत राहून चुकले होते. मुलीने त्यांचं आडनाव घेतलं.

लंडनच्या ब्रेंट भागात त्या घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका होत्या. कॅरिबियन आणि आफ्रिकन आया त्यांना सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराविषयी विचारत आणि त्यांना उत्तर देता येत नसे, कारण परिचर्येच्या अभ्यासक्रमात तो आजारच नव्हता. कळा येऊन रुग्णालयात गेलेल्या काळ्या तरुणांना नशेसाठी इंजेक्शन मागायला आलेत असं समजून हाकललं जाई. अनिओन्वू स्वतःहून अमेरिकेत जाऊन हे शिकल्या आणि १९७९ मध्ये डॉ. मिलिका ब्रोझोविच यांच्यासह त्यांनी ब्रेंटमध्ये ब्रिटनमधलं पहिलं सिकलसेल समुपदेशन केंद्र उघडलं. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी एकच मागणी लावून धरली: प्रत्येक नवजात बाळाची तपासणी. २००६ पर्यंत ती सगळ्या इंग्लंडभर लागू झाली. क्रिमियन युद्धात सैनिकांची शुश्रूषा केलेल्या जमैकाच्या मेरी सीकोल यांचा पुतळा २०१६ मध्ये सेंट थॉमस रुग्णालयासमोर उभा राहिला त्यामागेही त्या होत्या. २०२२ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं.

त्यांना वर ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपलं आहे. जगात सिकलसेल घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक नायजेरिया, भारत आणि काँगो या तीन देशांत जन्मतात. जिथे पिढ्यान्पिढ्या हिवताप होता तिथे हे जनुक टिकलं, कारण त्याची एकच प्रत अंगात असली तर हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. दोन्ही प्रती आल्या तर रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि शरीर कळांनी पिळवटतं. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार हे या आजाराचे भाग. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी पाड्यांवर आणि नागपूरच्या संपत रामटेके यांनी स्वतःच्या घरात हा आजार पाहिल्यावर त्यासाठी आयुष्य घालवलं. केंद्राची निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट होतं.

वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास होत नाही, म्हणून त्याला पत्ताही नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या वाचकांनी मुलामुलींचं लग्न ठरवताना सरकारी रुग्णालयात ही तपासणी करून घ्यावी. बोटातून थोडं रक्त घेतात आणि पैसे पडत नाहीत.